पाहुण्या मशीनच्या खिडक्या का रखडतात?

आपल्या होस्टेलवर सध्या रूम तेथे व्हर्च्युअल मशीन अशी परिस्थिती आहे. लॅपटॉपवर विंडोज, त्यात व्हर्च्युअलबॉक्स आणि त्यात प्रॅक्टिकलपुरतं लिनक्स. तक्रारही सगळ्यांची एकच. खिडकी ओढली की ती मागून सावकाश येते, मेनू जांभई देत उघडतो, नाहीतर लॉगिन केल्यावर नुसता काळा पडदा. मग लगेच निदान होतं, "लिनक्सच भंगार आहे!" माझं मत असं की बिचाऱ्या लिनक्सचा यात बहुतेक वेळा काही दोष नसतो. चित्र काढायचं काम कोणाच्या गळ्यात पडलं आहे, हे कोणी विचारतच नाही.

आधी थोडी थिअरी. जुन्या पद्धतीत प्रत्येक प्रोग्रॅम आपली खिडकी सरळ पडद्यावर रंगवायचा. २००६ साली नोव्हेल कंपनीतल्या डेव्हिड रेव्हमन यांनी कॉम्पिझ आणलं आणि लिनक्सवर डुलणाऱ्या खिडक्या, फिरणारा घन असे चमत्कार दिसू लागले. त्यामागची युक्ती अशी की, प्रत्येक खिडकी आधी मेमरीत बाजूला रंगवायची आणि मग कंपोझिटर नावाच्या प्रोग्रॅमने सगळ्या एकमेकींवर रचून पडदा तयार करायचा. कॉम्पिझ मागे पडलं, युक्ती मात्र राहिली. आजचं ग्नोम शेल तर कंपोझिटरशिवाय उभंच राहत नाही.

आता हिशोब करा. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका पडद्याला सुमारे ८.३ एमबी. सेकंदाला ६० वेळा रचायचा तर जवळजवळ ५०० एमबी दर सेकंदाला! सावल्या आणि धूसरपणा वेगळाच. ग्राफिक्स कार्डाला हे किरकोळ काम आहे, पण एकट्या प्रोसेसरला नाही.

आणि व्हर्च्युअल मशीनमधल्या पाहुण्याला खरं कार्ड दिसतच नाही. हे समजायला आमच्या हिंगोली जिल्ह्यातलं सिद्धेश्वर धरण बघा. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी धरण आहे. तिथलं पाणी वीजघरातून वीज तयार करून खाली सिद्धेश्वरला येतं आणि कालवे निघतात ते सिद्धेश्वरहून. कालव्याच्या दृष्टीने सिद्धेश्वर हेच धरण, पण येलदरीने सोडलंच नाही तर सिद्धेश्वर तरी काय करणार? लॅपटॉपचं खरं कार्ड म्हणजे येलदरी, व्हर्च्युअलबॉक्स दाखवतो ते नकली कार्ड म्हणजे सिद्धेश्वर आणि तुमचा डेस्कटॉप म्हणजे शेवटचा कालवा. वरून पाणी आलं नाही की लिनक्स गुपचूप बादलीने पाणी भरायला लागतं, म्हणजे सगळं चित्र प्रोसेसरकडून काढून घेतं. एररबिरर काही येत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही.

माझा मावसभाऊ सिद्धेश्वरलाच असतो. डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला त्याला लिनक्स लागतं. घरात लॅपटॉप एकच, तोही ४ जीबीवाला, आणि त्यातच काकांच्या कृषी सेवा केंद्राचं सगळं उधारीखातं. डेस्कटॉप रखडतो म्हणून हा पठ्ठ्या विंडोज उडवून सरळ लिनक्स टाकायला निघाला होता, बॅकअप न घेता! मी फोनवर म्हटलं, "अरे थांब, आधी चित्र कोण काढतंय ते बघू."

ते बघायचं असं. मेसा-युटिल्स हे पॅकेज टाकायचं आणि टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो हा आदेश द्यायचा. उत्तरात रेंडररची ओळ शोधायची. तिथे एलएलव्हीएमपाइप असं लिहिलेलं असेल तर बादली चालू आहे. एसव्हीजीए३डी असेल तर येलदरीचं पाणी येतंय. भावाकडे अर्थात बादली होती.

मग सेटिंग. आधी स्नॅपशॉट घ्या आणि मशीन पूर्ण बंद करा, कारण चालू मशीनमध्ये हे पर्याय बदलता येत नाहीत. डिस्प्लेच्या पानावर ग्राफिक्स कंट्रोलर व्हीएमएसव्हीजीए ठेवा, ३डी ॲक्सिलरेशनवर टिचकी मारा आणि व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा. ही मेमरी पुष्कळदा १६ एमबीच असते. वरचा हिशोब आठवा, पूर्ण आकाराची एक खिडकी आणि पडदा मिळून १६.६ एमबी होतात! जुने लेख वाचून व्हीबॉक्सव्हीजीए निवडू नका. लिनक्स पाहुण्याला ३डीची सोय २००९ च्या २.२ आवृत्तीत मिळाली खरी, पण त्या जुन्या कार्डाचं ३डी २०१९ च्या ६.१ आवृत्तीत काढून टाकलं. गेस्ट ॲडिशन्सही टाका, खिडकीच्या मापाने पडदा आपोआप बदलायला ते लागतात.

३डी चालू केल्यावर काळा पडदा आला तर घाबरायचं कारण नाही. उजवं कंट्रोल आणि एफ३ दाबलं की बहुधा साधा अक्षरी लॉगिन मिळतो. तिथून अपडेट करून बघा, नाहीतर मशीन बंद करून टिचकी काढा.

एवढं करून भावाचं मशीन ढिम्मच. विचारलं, "खाली स्टेटस बारवर हिरवं कासव दिसतं का?" दिसत होतं! (कासवाचं चित्र ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी नक्की असणार.) कासव म्हणजे विंडोजच्या हायपर-व्हीने प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय आधीच बळकावली आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत जावं लागतंय. विंडोज फीचर्समध्ये हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म यांच्या टिचक्या काढून रीस्टार्ट करावं लागतं. मग डब्ल्यूएसएल-२ आणि डॉकर मात्र चालणार नाहीत. तरी कासव राहिलं तर कारण मेमरी इंटिग्रिटी असू शकतं. ती सुरक्षेची सोय आहे, नेटवर फिरणाऱ्या लॅपटॉपवर ती बंद करावी असं मला वाटत नाही. भावालाही करू दिली नाही.

शेवटी त्याला एक्सएफसीई टाकायला लावलं. त्यात विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये कंपोझिटरच बंद करता येतो. (ग्नोममध्ये फार तर ॲनिमेशन बंद होतात.) खिडक्यांच्या सावल्या गेल्या, ओढताना चित्र जरा फाटतं, पण टर्मिनल आणि एडिटर झटकन उघडतात. कासव अजून तिथेच आहे, काकांचं उधारीखातंही शाबूत आहे, आणि त्याचा पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्यायचं काम भावाकडे दिलं आहे.