असीरगडाची शिबंदी आणि पोहण्याचा व्यायाम

बुऱ्हाणपूरहून खांडव्याकडे जाताना सातपुड्याच्या खिंडीवर पहारा देणारा असीरगड दिसतो. यास दक्षिणेचा दरवाजा म्हणत. १६०० साली अकबर बादशहाने त्यास वेढा घातला, तेव्हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातील येशूसंघीय धर्मगुरू जेरोम झेवियर छावणीत होते. गडावर धान्य, तोफा, पाण्याची टाकी, सारे काही होते. परंतु कोंडलेल्या माणसांत रोगराई शिरली, असे अबुल फजल लिहितो. जानेवारी १६०१ मध्ये गड बादशहाच्या स्वाधीन झाला. त्याची इतरही कारणे सांगतात. तथापि शिबंदीच रोगी झाल्यावर नुसते तट काय करणार?

आपल्या देहाचेही असेच आहे. संत पौलाने ज्यास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले, तो देह बाहेरून धडधाकट दिसला, तरी आत हृदय व फुप्फुसे दुबळी असतील, तर आयुष्याचा गड टिकावा कसा? ही आतली शिबंदी कणखर करणारा उत्तम व्यायाम म्हणजे पोहणे. पोहताना हात, पाय, पाठ व पोट एकदम राबतात, श्वासास लय येते आणि देहाचा बहुतेक भार पाणीच पेलते. म्हणून गुडघे दुखणाऱ्या वृद्धांनाही हा व्यायाम सोसतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पाच दिवस अर्धा-अर्धा तास पोहल्यास तो पुरा होतो.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचेच उदाहरण घ्या. १९६५ च्या युद्धात या जवानास गोळ्या लागल्या व कमरेखालचे अंग लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

तथापि पाण्याशी उद्धटपणा नको. पुराच्या तापीत किंवा अनोळखी डोहात कोणीही उतरू नये. एकट्याने तर कधीच पोहू नये. हृदयविकार किंवा फेफरे असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. मुलांस जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कमरेला भोपळा बांधून, पायरीपायरीने शिकवावे.

आणि मुलींना काठावर बसवून ठेवू नये, अशी आमची मातापित्यांस कळकळीची विनंती आहे. हृदय व फुप्फुसे प्रभूने त्यांनाही दिली आहेत, आणि बुडण्याचे भयही त्यांना तितकेच आहे. लहानपणी शिकलेले पोहणे म्हातारपणीही विसरत नाही. लेकरांस देण्याजोगा याहून टिकाऊ ठेवा थोडाच असेल.