अलाइनमेंट झाले, पण सेन्सरचे शून्य?

पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या घाटात भर पावसात वळणावर मोटार घसरू लागली, तर चालकाला ते उमजण्याआधी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, कामाला लागते. १९९५ मध्ये युरोपातल्या महागड्या मोटारींत आलेली ही यंत्रणा आता आपल्याकडच्या साध्या मोटारींतही येऊ लागली आहे. तिचे गणित मुख्यतः दोन आकड्यांवर चालते. चालकाला किती वळायचे आहे, हे स्टिअरिंग कॉलमवरचा अँगल सेन्सर सांगतो आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, हे यॉ सेन्सर. दोहोंत तफावत पडली की संगणक गरजेप्रमाणे एका किंवा अधिक चाकांना ब्रेक लावतो. पहिलाच आकडा चुकला, तर पुढचा हिशेब कशाच्या भरवशावर करायचा? म्हणूनच खड्ड्यांनी बिघडलेले चाकांचे अलाइनमेंट करून घेताना अँगल सेन्सरचे शून्य, म्हणजे गाडी सरळ जाताना तो दाखवतो तो आकडा, न तपासणे, हे मला अर्धवट काम वाटते.

‘स्टिअरिंग सरळ दिसते आहे, मग अडचण काय?’ असे कुणी विचारेल. अडचण अशी की डोळ्यांना दिसते ते स्टिअरिंगचे चाक आणि सेन्सर मोजतो कॉलमचा कोन. स्टिअरिंगला चाकांशी जोडणाऱ्या टाय रॉडची लांबी जुळवण्याऐवजी तिरके स्टिअरिंग काढून एक दाता सरकवून बसवले, तर चाक सरळ दिसते, कॉलम मात्र तिरकाच राहतो. स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरले की रस्त्यावरचे चाक १ अंश वळते. म्हणजे सेन्सरची ३ अंशांची चूक चाकापाशी ०.२ अंश. ऐकायला क्षुल्लक! पण ताशी ७२ किलोमीटर वेगाला, अडीच मीटर व्हीलबेसच्या गाडीत, साध्या भूमितीने त्याचा अर्थ सेकंदाला सुमारे दीड अंश वळण असा होतो. टायरचे सरकणे धरले तर तो आकडा कमी होतो, नाहीसा होत नाही. गाडी सरळ जात असताना चालकाला वळायचे आहे असे संगणकाला वाटत राहते.

बऱ्याच गाड्या सरळ रस्त्यावर धावताना हे शून्य आपोआप दुरुस्त करतात, हा आक्षेप खरा आहे. पण त्या दुरुस्तीला मर्यादा असते. चूक त्यापलीकडे गेली की यंत्रणा सहसा चुकीचा ब्रेक लावत नाही; ती दिवा पेटवून स्वतःच बंद होते. घसरत्या गाडीच्या चित्राचा तो पिवळा दिवा लुकलुकला तर ईएससी काम करते आहे; कायम पेटून राहिला तर मदतीची आशा धरू नये. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्यातल्या नवले पुलाकडे उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक निकामी होणे हा वेगळा प्रश्न आहे, तो या सेन्सरने सुटणार नाही. मात्र त्याच उतारावर समोरचे वाहन चुकवायला झटकन स्टिअरिंग फिरवणाऱ्या मोटारीला ईएससीचाच आधार असतो.

बिल फुगवण्यासाठी सेन्सरचे शून्य ठरवण्याचे, म्हणजे कॅलिब्रेशनचे, काम गळ्यात मारले जाते, ही शंकाही रास्त आहे आणि तिचे उत्तर गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनरच देतो. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी सरळ धावत असताना सेन्सरचा आकडा शून्याजवळ असेल, तर सहसा कॅलिब्रेशनची गरज नसते. नसेल तर कंपनीने ठरवलेल्या पद्धतीनेच ते करावे, तेही सपाट जागी. पुष्कळ गाड्यांत बाजूचा प्रवेग मोजणाऱ्या सेन्सरचे शून्यही त्याच वेळी ठरते, आणि कात्रजसारख्या चढउताराच्या भागात गॅरेजची फरशी समतल आहे का, हे पाहायलाच हवे. पुढच्या अलाइनमेंटनंतर पैसे देण्याआधी स्कॅनरवरचा तो आकडा दाखवायला सांगा.