बांधीच्या धुऱ्यावर पाच व्होल्ट

धान लोंबीवर आलं की नागभीड-सिंदेवाहीपासून आरमोरी-कुरखेड्यापर्यंत बांध्यांमध्ये मचाणी उभ्या राहतात. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो, म्हणून जागल करावी लागते. मायक्रोकंट्रोलर शिकायला चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही: प्राणी जवळ आला की भोंगा वाजवणारी पेटी. ती टेबलावर लगेच चालते आणि बांधीवर बंद पडते. बंद का पडते, ते शोधताना काही पक्के गैरसमज सुटतात.

पहिला गैरसमज: ‘हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम.’ आर्डुइनो हा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड 2005 साली इटलीतल्या इव्हरेआ इथल्या डिझाइन संस्थेत जन्मला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना तो वापरता यावा, हाच हेतू होता. आणि इथे दुसरं उदाहरण द्यायला लांब जावं लागत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले. 1983 च्या सुमारास शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निरखल्या, आणि त्यातून एचएमटी हे धानाचं वाण आलं. वेगळं दिसलं ते बाजूला काढायचं आणि काय होतं ते निरखायचं, ही त्यांची रीत प्रोग्राममधली चूक शोधायलाही लागते. इंग्रजीचं भयही नको. सुरुवातीला पंचवीस-तीस शब्द पुरतात. व्हेरिएबलला रोमन लिपीत ‘डुक्कर’ नाव दिलं तरी बोर्ड तक्रार करत नाही.

‘किट आलं म्हणजे विषय आला’ हा समज मात्र शिक्षकांतही आढळतो. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. पण बोर्ड जळेल या धाकाने किटचं कपाट कुलपात राहिलं, तर त्या पैशाला अर्थ नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो हातांनी करत शिकण्यासाठीच. एखादा बोर्ड जळला तर जळू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पेटीकडे. तिच्यातल्या ‘पीआयआर सेन्सरला प्राणी दिसतो’ असं मुलं सांगतात. त्याला डुक्कर, माणूस काही दिसत नाही. पांढऱ्या घुमटाखालच्या त्या तुकड्याला फक्त हलणाऱ्या उष्णतेतला फरक कळतो, तोही साधारण सात मीटरपर्यंत. ऑक्टोबरच्या गार रात्री डुकराचं अंग भोवतालापेक्षा बरंच गरम असतं, म्हणून सेन्सर चोख चालतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो. संध्याकाळी तो उतरताना भोवताल आणि प्राण्याचं अंग जवळपास सारखंच तापलेलं असतं, तेव्हा कळप समोरून गेला तरी सेन्सर गप्प राहू शकतो. दुपारी तापलेलं गवत वाऱ्याने हललं तर उगाच भोंगा. म्हणून वही घ्यावी. भर दुपारी, तिन्हीसांजेला आणि मध्यरात्री पेटीसमोरून चालावं, कितव्या पावलाला भोंगा वाजला ते लिहावं. ही तीन पानं छापील पाठापेक्षा जास्त शिकवतात.

‘बोर्डाला काहीही जोडता येतं’ हा समज सगळ्यात जास्त बोर्ड जाळतो. आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरच्या आत वीज घ्यावी. 40 ही अगदी शेवटची हद्द. लाल एलईडीला 220 ओहमचा रेझिस्टर लावला तर सुमारे 14 मिलिअँपिअर जातात, ते ठीक. पण पाच व्होल्टच्या साध्या रिलेच्या कॉइललाच सुमारे 70 लागतात. भोंगा तर त्याच्या कितीतरी पुढचा. म्हणून पिनने ट्रान्झिस्टरला इशारा द्यायचा, ट्रान्झिस्टरने रिलेला, रिलेने भोंग्याला. कॉइलवर उलटा डायोडही हवा. नाहीतर रिले सुटताना उसळलेला दाब ट्रान्झिस्टरचा जीव घेतो. काही बाजारू रिले मॉड्यूलवर हे सगळं आधीच असतं, तरी एकदा सुटे भाग ब्रेडबोर्डवर जोडून बघावेत.

इंटरनेट लागतंच, असंही नाही. प्रोग्राम एकदा चढवला की बोर्डाला ना नेट लागतं ना कॉम्प्युटर. भामरागडकडे नेटवर्क नसलं तरी 865 ते 867 मेगाहर्ट्झवर विनापरवाना लोरा रेडिओने गावापर्यंत इशारा पाठवता येतो. दाट जंगलात त्याचा पल्ला घटतो, एवढं धरून चालावं. बॅटरीचा हिशेब मात्र चुकवू नये. उनो बोर्ड नुसता जागा राहिला तरी सुमारे 50 मिलिअँपिअर पितो, म्हणजे 2000 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी 40 तासांत रिकामी. बोर्डावरची चिप सुटी वापरून मधल्या वेळात झोपवली, तर चिपचा खर्च नगण्य होतो. आणि रोज एकच आवाज ऐकून डुकरं सरावतात, तेव्हा प्रोग्रामने आवाज आणि वेळ बदलत ठेवावी.

शेवटचा समज जिवावरचा आहे: ‘कुंपणात थोडा करंट सोडला की काम झालं.’ घरच्या 230 व्होल्टची तार कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे. अशा तारांनी आपल्या भागात वाघही मेले आणि माणसंही. सौर कुंपणाचं यंत्र निराळं असतं: साधारण सेकंदाला एकदा, क्षणार्धाचा झटका देतं आणि थांबतं. ते प्रमाणित यंत्रच घ्यावं, ब्रेडबोर्डवर करून बघायची ती गोष्ट नाही. मुलांच्या पेटीत 12 व्होल्टच्या पुढे काही नको. भोंगा तेवढ्यात वाजतो.