घाटावरची लोकर, कोकणातला पाऊस

दिवाळी उलटली की फलटण, माण-खटावकडचे मेंढपाळ कळप घेऊन घाट उतरतात आणि कोकणात कापणी झालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. पावसाची चाहूल लागायच्या आत ते परत घाटावर चढतात, कारण सततच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर कुजतात. मेंढी कोकणातला पावसाळा असा टाळते, तिची लोकर मात्र इथेच राहते. नवीन पनवेलच्या कितीतरी फ्लॅटमध्ये आता दिवाणावर घोंगडी असते, भिंतीवर लोकरीचं विणकाम असतं, सोफ्यापुढे गालिचा असतो. जून ते सप्टेंबर या वस्तू सांभाळायच्या कशा, हे कळायला आधी लोकर काय आहे ते पाहावं लागतं.

लोकर म्हणजे केस. आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच केराटिन हे प्रथिन तिच्यात असतं. प्रत्येक तंतूवर एकमेकांवर चढलेले बारीक खवले असतात, त्यावर मेंढीच्या अंगच्या मेणाचा हात फिरलेला असतो. त्यामुळे पावसाचा थेंब घरंगळून जातो. तंतूच्या आतला गाभा मात्र हवेतली वाफ शोषतो, तीही स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के, आणि तरी हाताला ओला लागत नाही. याहून नवलाची गोष्ट म्हणजे वाफ शोषताना लोकर उष्णता सोडते. घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन धो धो पावसात राखण करणाऱ्या माणसाला ऊब मिळते ती काही अंशी यातूनच.

हाच गुण बंद कपाटात अंगाशी येतो. कोकणात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस 85 टक्क्यांच्या आसपास असते, आणि 70 च्या वर ती टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं. लोकरीला पाऊस बाधत नाही, कोंडलेली दमट हवा बाधते. म्हणून घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळावी आणि उघडीप मिळाली की पंख्याखाली पसरावी. गालिचा घडी न घालता गुंडाळून ठेवावा. घडीवर तंतू मोडतात.

घोंगडीबाबत आणखी एक बारकावा आहे. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती पिंजून, तिचं सूत कातून सनगर विणकरांच्या मागावर जातं. तिथे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. नवी घोंगडी ताठ असते आणि अंगाला टोचते त्यात या खळीचाही वाटा असतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची, घोंगडी त्यामानाने मऊ. खळ हा पिठूळ पदार्थ असल्याने बुरशीला तो आयताच घास मिळतो. तेव्हा नवी घोंगडी पहिल्या पावसाळ्याआधी, उन्हाळ्यातच, एकदा धुऊन घ्यावी हे बरं.

धुताना सगळ्यात मोठा धोका घरातल्याच डब्यात असतो. दूध-अंड्याचे डाग काढणाऱ्या बऱ्याच पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, आणि लोकर हे प्रथिनच आहे. ब्लीच तर त्याहून वाईट. लोकरीचा धागा ब्लीचमध्ये टाकून ठेवला तर तो चक्क विरघळून नाहीसा होतो. गरम पाण्यात चोळलं की खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. ते पुन्हा सैल होत नाही. रिठा मात्र लोकरीला मानवतो. रात्रभर भिजवलेले रिठे कुस्करून, गाळून ते पाणी टबभर गार पाण्यात मिसळावं, घोंगडी त्यात बुडवून तळव्यांनी हलके दाबत राहावं आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळावी. पिळायची नाही. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि आडवी पसरून सावलीत वाळवायची. ओली घोंगडी दोरीवर टांगली तर स्वतःच्याच भाराने ओघळते.

हळदीचा डाग पडला तर साबण लावायची घाई करू नये. अल्कली लागताच पिवळा डाग लालभडक होतो. गार पाण्याने टिपून तेवढा भाग उन्हाकडे करावा. हळदीचा रंग उन्हात फार काळ तग धरत नाही.

राहता राहिली कसर. भोकं पाडतो तो उडणारा पतंग नव्हे. त्याला खायचं तोंडच चालत नाही. पाडते ती त्याची अळी. केराटिन पचवणारे जीव निसर्गात मोजकेच, त्यात ही एक. तिच्या आतड्यातलं अल्कधर्मी रसायन केराटिनमधले गंधकाचे बंध तोडतं. वेखंड, कडुनिंबाचा पाला यांनी पतंग दूर राहिला तर राहिला, आत असलेली अळी त्याने मरेलच असं नाही. डांबराच्या गोळ्या तान्ह्या बाळाच्या घरात मुळीच नकोत. काही बाळांमध्ये त्यांच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

थंडी मात्र खात्रीचा उपाय आहे. 1949 मध्ये सर्गेई रुदेन्को यांना सैबेरियाच्या अल्ताई पर्वतात, पाझिरिकच्या थडग्यात, सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा लोकरी गालिचा सापडला. थडग्यात शिरलेलं पाणी गोठलं, आणि त्या बर्फाने त्याला कीड आणि कूज या दोन्हींपासून राखलं. आज तो सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे, रंगांसकट. छोटं भिंतीवरचं विणकाम असेल तर हे घरीही साधतं. ते कोरडं असताना पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये किमान दोन आठवडे ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर आपल्याकडची दमट हवा गार लोकरीवर दव होऊन बसते. एक दिवस जाऊ द्यावा. मोठी घोंगडी फ्रीझरमध्ये मावत नाही. तिच्यासाठी ऑक्टोबरचं ऊन आहे: गच्चीवर पसरून दोन्ही अंगांनी ताठ ब्रशने झाडायची, विशेषतः काठ आणि शिवण, कारण अंडी तिथेच दडलेली असतात.