पाऊस अडवणारा गुंता

1968 च्या मॉडेलची कॉर्व्हेट शेव्हरोलेने बाजारात आणली, तेव्हा तिच्या कूपेचं छत दोन तुकड्यांत निघत होतं. डाव्या सीटवर एक पॅनेल, उजव्या सीटवर एक, आणि दोन्हींच्या मधोमध पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या कमानीपर्यंत जाणारा एक दांडा. वरून पाहिलं की चौकट आणि दांडा मिळून इंग्रजी टी अक्षर दिसतं, म्हणून या छताला टी-टॉप म्हणतात. लॅच सोडायचे, पॅनेलं उचलून सीटमागच्या जागेत पट्ट्यांनी आवळून ठेवायची, आणि डोक्यावर थेट आकाश.

अशा छताची कल्पना त्याहून वीस वर्षं जुनी. कॉर्ड 810 ही देखणी गाडी रेखाटणारा गॉर्डन ब्यूरिग याने 1948 मध्ये टास्को नावाची नमुना गाडी तयार केली. तिच्या छताला अशीच निघणारी पॅनेलं होती, आणि 1951 मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. कॉर्व्हेटच्या इंजिनिअरांना मात्र मधला दांडा नकोच होता. अख्खं छत एका तुकड्यात निघावं असा त्यांचा बेत होता. पण छत काढलं की गाडीचा सांगाडा पिळवटायचा, आणि सांगाडा पिळवटला की सगळे सांधे कुरकुरायचे. दांडा आला तो गाडीला ताठ ठेवायला.

दांड्यामुळे गाडी सावरली, पण पाण्याला वाटा वाढल्या. एका पॅनेलला चार कडा असतात, दोन पॅनेलांना आठ. यातली प्रत्येक कड वेगळ्या शेजाऱ्याला भिडते: पुढची काचेच्या चौकटीला, मागची कमानीला, आतली दांड्याला आणि बाहेरची थेट दाराच्या काचेला. या गाडीच्या काचेला वर चौकटच नाही. काच वर सरकते आणि तिची उघडी धार पॅनेलच्या रबरावर जाऊन टेकते. दार बिजागरीवर किंचित लोंबलं असेल, काच आत-बाहेर थोडी कलली असेल किंवा पॅनेलचा लॅच सैल असेल, तर त्या साऱ्याची भरपाई बोटभर रुंदीच्या रबरी पट्टीला करावी लागते. आपल्याकडचे गॅरेजवाले दाराच्या अशा पट्टीला बीडिंग म्हणतात.

त्यात हवा स्वस्थ बसू देत नाही. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब सुमारे 460 पास्कल भरतो. छताच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा आणखी वेग घेते आणि तिथला दाब खाली उतरतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा 230 पास्कलने जास्त आहे आणि पॅनेल 0.4 चौरस मीटरचं आहे असं धरलं, तर पॅनेलला वर ओढणारा जोर नऊ किलोच्या वजनाएवढा होतो. वेग दुप्पट केला तर तोच जोर चौपट. म्हणजे उभ्या गाडीत घट्ट बसलेलं पॅनेल महामार्गावर केसभर उचललं जातं, आणि त्या केसभर फटीला रबराने फुगून बुजवायचं असतं. तेही त्याच क्षणी, आणि गाडी रस्त्यावर असेल तितकी वर्षं.

हे रबराला जमतं कसं? त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत विलक्षण वाटतं. पोलादी स्प्रिंग दाबली की अणूंमधली अंतरं बदलतात आणि अणू आपापल्या जागी परतू पाहतात. रबराचा जोर तिथून येत नाही. रबर म्हणजे हजारो दुव्यांच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि उष्णतेने अखंड वळवळणाऱ्या. साखळी सरळ राहण्याच्या तऱ्हा मोजक्या, वेडीवाकडी राहण्याच्या अगणित. रबर ताणलं किंवा दाबलं की साखळ्यांना मिळणाऱ्या तऱ्हा कमी होतात, आणि त्यांची वळवळच त्यांना पुन्हा मोकळ्या गुंत्याकडे नेते. बीडिंग काचेवर जो दाब देतं तो या साखळ्यांच्या गुंत्यात राहण्याच्या ओढीचा आहे.

खात्री घरी करता येते. रुंद रबर बँड झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला लावा: तो कोमट लागतो. ताणलेलाच धरून थोडा वेळ जाऊ द्या, मग एकदम सैल सोडून पुन्हा ओठाला लावा: आता तो गार लागतो. जॉन गॉफ या अंध इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं. वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं की लांबण्याऐवजी आखडतं, हेही त्याला दिसलं होतं. पुढे भौतिकशास्त्रज्ञ जूलने काटेकोर मोजमाप करून त्याला दुजोरा दिला.

साखळ्या मोकळ्याच असत्या तर दाबाखाली हळूहळू एकमेकींवरून घसरून गेल्या असत्या. त्यांना जागोजागी गंधकाचे टाके घालण्याची युक्ती, म्हणजे व्हल्कनायझेशन, चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये गवसली. पट्टीचं म्हातारपणही या टाक्यांमध्येच सुरू होतं. पट्टी वर्षानुवर्षं दबलेली असते, ऊन तिला तापवत असतं, हवेतला ऑक्सिजन जुने टाके तोडतो आणि दबलेल्या अवस्थेतच नवे टाके पडतात. मग रबराचा मूळ आकारच बदलतो, आणि दबलेला आकार हाच त्याला आपला वाटू लागतो. कुकरची जुनी रिंग चपटी, कडक होऊन वाफ सोडू लागते, ते याच कारणाने. पॅनेल काढल्यावरही पट्टीवर काचेची खाच तशीच राहिली असेल, तर तिच्यात परत फुगायची ताकद उरलेली नाही असं समजावं.

दुसरा शत्रू ओझोन. हवेच्या दहा कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ताणलेल्या नैसर्गिक रबराला भेगा पडतात, आणि त्या ताणाच्या दिशेला बरोबर आडव्या असतात. साखळीच्या कण्यात जिथे दुहेरी बंध असतो, तिथे ओझोन घाव घालतो. आज जुन्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या बऱ्याच पट्ट्या ईपीडीएम रबराच्या असतात. त्यात दुहेरी बंध कण्यावर नसतात, बाजूच्या फांद्यांवर असतात. फांदी तुटली तरी कणा शाबूत राहतो. रेणूतली दुबळी जागा फक्त थोडी बाजूला सरकवली आणि रबराचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं!

हे कळलं की पट्टी बसवण्याच्या एरवी किरकोळ वाटणाऱ्या सूचनांना अर्थ येतो. पट्टी कधीही ओढून बसवायची नाही. ओढलेली पट्टी त्या वेळी छान सरळ दिसते, पण साखळ्या तिला मागे खेचतात आणि काही आठवड्यांत कोपऱ्यात फट पडते. म्हणून आधी साच्यात घडवलेले कोपरे त्यांच्या जागी बसवावेत आणि मधला भाग किंचित लांबच राहू द्यावा, सैलसर दाबत न्यावा. चिकटवायचं सोल्यूशन लावण्याआधी अख्खी पट्टी कोरडीच बसवून पाहावी, कारण डावी-उजवी अदलाबदल ही इथली नेहमीची फसगत आहे.

खरा वेळ जातो खरवडण्यात. जुन्या सोल्यूशनचे थर, कुजलेल्या रबराचे तुकडे, खाचेतला गंज, सगळं निघालं पाहिजे. नव्या पट्टीची पाठही पुसून घ्यावी, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला पदार्थ तिच्यावर राहिलेला असतो आणि त्यावर काहीच चिकटत नाही. सोल्यूशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि बोटाला जेमतेम चिकटेल इतकं सुकू द्यायचं. ओलं असताना दाबलं तर पट्टी सरकत राहते.

गंजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. कॉर्व्हेटची बाहेरची काया फायबरग्लासची, तिला गंज चढत नाही. पण आत, काचेच्या चौकटीत आणि खांबांत, पोलादी सांगाडा आहे. छताच्या पुढच्या कोपऱ्यातून झिरपणारं पाणी नेमकं तिथे उतरतं. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून पोखरलेली निघते, आणि सांगाडा बदलण्याचा खर्च अनेकदा गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. जुन्या गाड्या जपणारे लोक शंभर रुपयांच्या वस्तूसारख्या दिसणाऱ्या या पट्टीबद्दल इतके हळवे का असतात, ते इथे कळतं. त्यांचं अगदी बरोबर आहे.

नवी पट्टी बसली की पहिल्यांदा दारं लागतच नाहीत, काच वर जाताना अडते. घाबरून लॅच सैल करू नये. पॅनेलं लावून, काचा वर करून गाडी काही दिवस बंद ठेवली की रबर आपल्या जागी बसतं. मग चाचणी. कागदाची पट्टी रबर आणि काचेच्या मधे धरून काच बंद करायची आणि कागद ओढायचा. सगळीकडे सारखा अडकला पाहिजे. कुठे सहज निघाला तर रबरावर खडू घासून काच पुन्हा टेकवायची. काचेवर खडूची रेघ जिथे तुटते, तिथे स्पर्श होत नाही. आता हात घालायचा तो काचेच्या आणि लॅचच्या स्क्रूंना. रबर निर्दोष असतं आणि काच कललेली, असं फार वेळा घडतं.

पाणी शेवटी, आणि तेही खालून वर. साध्या नळीने आधी दाराच्या खालच्या भागावर, मग काचेवर, सर्वांत शेवटी छतावर, दर वेळी आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं. वरूनच सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि फट कुठली ते समजत नाही. प्रेशर वॉशर नको, तो धडधाकट रबराच्या ओठाखालूनही पाणी घुसवतो. कारखान्यांमध्ये पाण्याशिवायही हे शोधतात: गाडीत अल्ट्रासाउंडचा उगम ठेवतात आणि बाहेरून सांध्यांवर ग्राहक फिरवतात. माणसाला न ऐकू येणारा तो आवाज जिथून निसटतो, तिथे हवाही निसटते.

गळती थांबली की पट्टीवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. पेट्रोलियमचं ग्रीस मात्र चुकूनही नको. ओझोनला दाद न देणारं ईपीडीएम त्या तेलात फुगतं आणि मऊ पडतं.