द्राक्षमद्याची सहल आणि द्राक्षबागेचा हिशेब

नाशिकला जाणारा प्रवासी पूर्वी गोदावरीचे स्नान, पंचवटी आणि त्र्यंबकेश्वराचे दर्शन एवढा बेत आखून निघत असे. गेल्या वीस वर्षांत त्याच्या जोडीला आणखी एक प्रवासी येऊ लागला आहे. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी, निफाड आणि इगतपुरी या भागांतील द्राक्षमद्याचे, म्हणजेच वाइनचे, कारखाने पाहणे व तेथील वाइन चाखणे हा त्याचा हेतू असतो. या सहलीकडे कोणी चैन म्हणून पाहतो, तर कोणी सामाजिक अधःपात म्हणून. परंतु या दोन टोकांच्या मतांमध्ये मूळ प्रश्न हरवतो. हा व्यवसाय कोणाच्या श्रमावर उभा आहे, आणि पर्यटकाने खर्चिलेला रुपया कोणापर्यंत पोहोचतो, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन उद्योगाचा आरंभ १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे झाला. नाशिकच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्याच्या पुढच्याच वर्षी राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून राज्यातील द्राक्षांपासून बनणाऱ्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. निफाड तालुक्यात विंचूर येथे स्वतंत्र वाइन पार्क उभे राहिले. २००५ च्या सुमारास कारखान्याच्या आवारातच पाहुण्यांना वाइन चाखण्याची सोय झाली, आणि उद्योगाला पर्यटनाची जोड मिळाली.

ही जोड केवळ हौसेपोटी मिळत नाही. जर्मनीतील प्रसिद्ध ‘वाइन मार्ग’ १९३५ साली आखला गेला, तो निसर्गशोभेच्या प्रेमाने नव्हे. पीक मुबलक आले होते, भाव कोसळले होते आणि नाझी राजवटीने ज्यू व्यापाऱ्यांना व्यापारातून हुसकावल्यामुळे विक्रीची जुनी साखळीही तुटली होती. गिऱ्हाईकापर्यंत माल जाईना, तेव्हा गिऱ्हाईकालाच मालापर्यंत आणण्याची ही युक्ती होती. नाशिकमध्येही कारखान्याच्या दारात विकली जाणारी बाटली मधल्या व्यापाऱ्याची दलाली वाचवते. पर्यटनाचे अर्थशास्त्र ते हेच.

अशी सहल आखताना पहिला विचार ऋतूचा करावा लागतो. नाशिकच्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ मात्र एकदाच घेतले जाते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात चालते. द्राक्षे गाळली जात असताना आणि टाक्यांत रस आंबत असताना कारखाना पाहण्यात जो बोध आहे, तो इतर वेळी नाही. पांढऱ्या वाइनसाठी रस सालींपासून लवकर वेगळा करून थंड टाक्यांत आंबवतात, तर लाल वाइन सालींसह आंबवल्यामुळे तिला रंग व तुरटपणा येतो, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

दुसरा विचार प्रमाणाचा. एका ठिकाणी ३० मिलिलिटरचे पाच नमुने चाखले, तर १५० मिलिलिटर वाइन पोटात जाते. एका दिवसात तीन कारखाने केल्यास ते प्रमाण ४५० मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या बाटलीहून अधिक होते. वाइनमध्ये साधारणतः बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो. तेव्हा दिवसाला दोनच ठिकाणे ठेवणे, आधी पोटभर जेवणे आणि न पिणारा चालक बरोबर घेणे, ही काळजी अनिवार्य ठरते. रंग पाहावा, पेला फिरवून गंध घ्यावा, घोट तोंडात घोळवावा आणि उरलेली वाइन खुशाल टाकून द्यावी. जाणकार परीक्षक घोट थुंकून टाकतात, त्यात कोणताही अपमान नाही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची किमान मर्यादा २१ वर्षांची आहे आणि मद्यप्राशनाला कायद्याने परवाना लागतो, याचेही विस्मरण होऊ नये.

परंतु सहलीचा खरा गाभा चाखण्याच्या दालनाबाहेर आहे. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर शेतकऱ्यापुढे दुसरा बाजार असतो, निर्यात असते, बेदाणा असतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. लहान मण्यांचे, जाड सालीचे, बियांचे ते फळ बाजारात कोणी विचारत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, कारखाना. २००८ च्या जागतिक मंदीनंतर वाइनची मागणी घसरली, कारखान्यांत साठे पडून राहिले आणि अनेक शेतकऱ्यांनी लावलेल्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांची वाट धरली. वेल फळाला येण्यास वर्षे लागतात. ती उपटण्यास एक दिवस पुरतो. म्हणूनच पर्यटकाने एक दुपार बागेसाठी राखून ठेवावी, गावातल्या घरी जेवावे आणि करार किती वर्षांचा, भाव कोण ठरवतो, पैसे किती दिवसांत मिळतात, हे विचारावे.

वाइनला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवादही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या राज्यात गावोगावच्या स्त्रियांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाने दारूची दुकाने बंद पाडली, तेथे २०२२ साली मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याच्या प्रस्तावावर वादळ उठले, हे स्वाभाविकच होते. वाइन हा निव्वळ फळांचा रस आहे, असे सांगणे ही फसवणूक आहे. मात्र शेतकऱ्याच्या हिताचे नाव घेऊन सवलती मागितल्या जात असतील, तर त्या सवलतींचा किती अंश शेतकऱ्याच्या पदरात पडतो, हे विचारण्याचा अधिकार पिणाऱ्याला व न पिणाऱ्याला सारखाच आहे. शुल्कमाफी म्हणजे सोडून दिलेला सार्वजनिक पैसाच असतो.

म्हणून ही सहल वर्ज्य नाही आणि आदर्शही नाही. ती एक अभ्यासयात्रा होऊ शकते. एका बाटलीत सुमारे एक किलो द्राक्षे जातात. त्या किलोला बागेत काय भाव मिळाला, हे ज्याला परतताना सांगता येईल, त्यानेच नाशिकची वाइन खऱ्या अर्थाने चाखली असे म्हणावे लागेल.