सोळा रस्त्यांची गोलाई आणि मातीचे बिंदगे

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर या दख्खनच्या दोन पेठांचा निर्देश असून, तेथील माल गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोच बंदरास नेला जाई आणि तगरच्या मालात साधे कापड व तलम मलमल यांचा भरणा असे, असे त्यात नमूद केले आहे. ते तगर म्हणजे तेरणाकाठचे आजचे तेर. १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तेर आणि लातूर ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्याच्या दप्तरात नोंदलेली होती. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर वेचलेल्या वस्तूंतून तेरचे संग्रहालय उभे राहिले. तेथील मृण्मय मूर्ती, दिवे, मणी आणि हस्तिदंतात कोरलेली छोटी स्त्रीमूर्ती पाहिली, आणि त्या मूर्तीशी साधर्म्य असलेली दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेईच्या अवशेषांत सापडली हे ध्यानात घेतले, म्हणजे या प्रदेशातील कारागिराचा हात आणि परदेशस्थ गिऱ्हाइकाची नजर यांची ओळख किती जुनी आहे हे कळून येते. मराठवाडा म्हणजे अवर्षण आणि कर्ज एवढेच समीकरण ज्यांच्या मनात रुजले आहे, त्यांनी आपले पहिले पाऊल तेरलाच ठेवावे.

लातूरचा आजचा बाजार मात्र रेल्वेचे अपत्य आहे. बार्शी लाइट रेल्वेचे चिमुकले रूळ १९११ साली येथवर पोहोचले, आसपासच्या तालुक्यांतील धान्य व गळिताचा माल या कसब्याकडे वळला, आणि निजामाच्या अमदानीत अवघ्या सहा वर्षांनी, १९१७ साली, फैयाजुद्दीन या नगररचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे गंजगोलाईचा वर्तुळाकार दुमजली इमला उभा राहिला. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुकानांचे कडे, आणि त्या कड्यापासून सोळा दिशांना फुटलेले सोळा रस्ते. कोठे सराफी, कोठे जोडे, कोठे मिरची, कोठे गूळ. पेठ आखताना देवतेस केंद्रस्थान देऊन व्यवहाराला तिच्याभोवती प्रदक्षिणेस लावणारी ही योजना मला अत्यंत सुज्ञ वाटते. येथे वाट चुकलेला मनुष्य चार पावले मागे फिरला की पुन्हा अंबाबाईपाशीच येतो, आणि परक्या गावात निर्धास्त हिंडण्यास याहून अधिक काही लागत नाही.

या पेठेची खरी शोभा पाहावयाची तर मार्गशीर्ष अमावास्येच्या अलीकडचे दिवस निवडावेत. ही अमावास्या म्हणजे वेळ अमावास्या, खेड्यापाड्यांतील बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेडचा काही भाग सोडला तर उर्वरित महाराष्ट्राला तिची फारशी वार्ता नाही. त्या दिवशी लातूर जिल्ह्यास स्थानिक सुट्टी असते, शहर ओस पडते आणि माणसे शेताची वाट धरतात. शेतात कडब्याची खोप करून तीत चुन्याने व कावेने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, लक्ष्मीची पूजा होते, आणि ओल्या तुरी, वाटाणे, हरभरे व पालेभाज्या यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असा नैवेद्य दाखवून आल्यागेल्याला आग्रहाने जेवू घालतात. या भोजनाचा प्राण म्हणजे आंबील. ज्वारीचे पीठ ताकात कालवून, आंबवून केलेले हे पेय मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात नेण्याचा परिपाठ आहे. म्हणून त्या आठवड्यात कुंभारांची मांडणी रस्त्याच्या कडेला लागते, आणि एरवी प्लास्टिकच्या घागरी घेणारी घरेदेखील बिंदगे तेवढे मातीचेच मागतात.

परगावच्या प्रवाशाने लातुरात एकच वस्तू घ्यावयाची असेल तर ती हीच. शोभेसाठी रंगविलेली सुरई कोणत्याही शहरात मिळते. बिंदगे मात्र शेजारी उभ्या असलेल्या शेतकरणीसाठी घडविलेले असते, त्यामुळे त्याच्या आकारात किंवा किमतीत परक्यासाठी केलेली कसली बनवाबनवी नसते. पारख करण्याची रीतही तिच्याकडूनच शिकावी: भांडे तळहातावर तोलून धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने टिचकी मारावी, नाद खणखणीत आला तर भाजणी नीट झाली आहे, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे. नुसती काळी माती वाळताना आकसून फाटते, म्हणून कुंभार तळ्याचा किंवा नदीचा गाळ धुंडाळतो, त्यात राख व लीद मिसळतो, चाकावर गळा व काठ उतरवून घेतो, आणि मग आतून गोटा धरून व बाहेरून लाकडी थापटणीने ठोकून पोट फुगवीत नेतो. आव्यात शेणकुटे व काटक्या पेटवून भाजलेल्या या भांड्याच्या अंगात सूक्ष्म रंध्रे राहतात, त्यांतून पाझरणारे पाणी हवेत विरते आणि आतले थंड होते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागलेल्या या शहरात रांजण आणि माठ यांविषयी जी आस्था आहे, ती नुसत्या परंपरेपोटी आहे असे मी मानीत नाही.

लातूरहून नांदेडकडे जाताना लोहा तालुक्यात माळेगाव लागते. खंडोबाची यात्रा येथे याच अमावास्येच्या सुमारास भरते, त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही साधतात. घोडे, उंट, गाढवे, बैल यांचा हा बाजार सर्वश्रुत आहे. परंतु जनावरांमागोमाग घुंगुरमाळा, झुली, गोंडे, घोंगड्या यांचीही दुकाने लागतात, आणि तांड्यांवरून आलेल्या बंजारा स्त्रियांच्या अंगावरील आरसे, कवड्या व रंगीत दोरा यांचे भरतकाम पाहून तर डोळे निवतात. त्या कामाला लागणारा वेळ ध्यानी घेता त्याच्या किमतीत घासाघीस करणे मला अनुचित वाटते.

नांदेडचा बाजार निराळ्या जातीचा आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग येथे गोदातीरी आले आणि येथेच त्यांनी देह ठेवला. सचखंड हजूर साहिबची विद्यमान वास्तू महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधविली. अमृतसरहून सचखंड एक्सप्रेसने येणारा यात्रेकरू दोन-तीन दिवस राहतो, दर्शन घेतो आणि भोवतालच्या दुकानांतून कडे, कंगवा, कृपाण घेऊन परततो. परंतु दुकानात दिसणारे सारेच येथे घडलेले नसते. विचारल्याशिवाय ते कळत नाही, आणि येथील स्थानिक, म्हणजे हजुरी, शीख दुकानदाराशी मराठीत बोलण्यास काहीच अडचण नसल्याने विचारण्यास संकोच करू नये.

एक वस्तू मात्र निःसंशय या मातीची आहे, आणि तिची वार्ता फार थोड्या यात्रेकरूंना असते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतो. त्याचे खादीचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते आणि नांदेडला ध्वज शिवून सिद्ध होतो, अशा रीतीने दोन्ही जिल्ह्यांचे श्रम त्या एका वस्त्रात एकत्र येतात. ध्वजसंहितेने ठरविलेल्या नऊ आकारांत सर्वांत मोठा एकवीस फूट लांब व चौदा फूट रुंद, तर सर्वांत लहान सहा इंच लांब व चार इंच रुंद असतो. सर्वांचे प्रमाण तीनास दोन. डिसेंबर २०२१ मध्ये संहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरील व पॉलिएस्टरच्या ध्वजासही मुभा मिळाली, आणि हातचरख्यावर पोट असलेल्या या उद्योगास स्वस्त मालाशी स्पर्धा करणे प्राप्त झाले. गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास आलेल्या प्रत्येकाने वाट वाकडी करून या समितीच्या भांडारात जावे, आणि आपल्या गावच्या शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी एक खादीचा ध्वज मागून घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.